दोन काट्यांमधला तुकडा

लग्न होऊन मी चंद्रपूरहून आरमोरीला आले तेव्हा माझ्या सामानात एक कॉम्प्युटर होता. माहेरचे फ्रिज देणार होते, मी हट्टाने कॉम्प्युटर मागून घेतला. नवी नवरी बघायला आलेल्या बाया आधी कोपऱ्यातल्या त्या खोक्याकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. सरकारी नोकरीला कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागणार अशी तेव्हा हवा होती. त्यामुळे वर्षभरातच रस्त्याकडच्या खोलीत माझा क्लास सुरू झाला. एकाचे तीन कॉम्प्युटर झाले, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि दारावर पत्र्याची पाटी लागली. दोन हजार सालाच्या थोडं पुढे-मागे घडलेली ही गोष्ट.

माझे सासरे रेल्वेतून रिटायर झाले होते. काटेवाले होते ते. स्टेशनाजवळ एका रुळाचे दोन फाटे होतात, त्या जागेला रेल्वेतले लोक काटा म्हणतात. तिथला दांडा ओढून गाडी हव्या त्या रुळावर घालायची आणि कुलूप नीट बसलं की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. सगळी नोकरी छोट्या गाडीच्या लाइनवर, जंगलातल्या लहान लहान स्टेशनांवर गेली. पुढे ती लाइन मोठी झाली, छोटी गाडी बंद पडली आणि त्याच सुमारास हेही रिटायर होऊन गावी आले. गाव आरमोरी, जिथे रेल्वेच नाही. गाडी बघायची तर एसटीने वडशाला जावं लागतं. पण गावात सगळे त्यांना काटेवाले भाऊच म्हणत.

माझ्याशी ते फारसे बोलत नसत. राग वगैरे नव्हता, सुनेशी सासऱ्याने किती बोलावं याचं त्यांचं एक माप होतं. "पाणी आलं." "पोस्टमन येऊन गेला." "लाइन गेली." मी पदर सावरून "हो मामाजी" म्हणायची. दोन वर्षं आमचं संभाषण एवढंच.

त्या दिवाळीला नणंद आणि तिचे यजमान पुण्याहून आले. जावईबापूंना कंपनीने जर्मनीला पाठवलं होतं. तिथून त्यांनी सासऱ्यांसाठी एक मोठा खोका आणला होता. खेळण्यातली रेल्वे, पण काय खेळणं! इंजिनाच्या चाकांना खऱ्यासारखे दांडे, डब्यांना दारं, रुळाखाली इवलेसे स्लीपर. जावईबापूंनी अंगणाकडच्या खोलीत फरशीवर तुकडे जोडून गोल केला, तार लावली, बटण फिरवलं. गाडी सुरू झाली. सासूबाईंनी हात जोडले. शेजारचे बघायला आले. मामाजी भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. गाडीने दोन फेऱ्या मारल्या, तिसरी मारली.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे गाडी जाऊन कुठी राह्यली?"

"कुठे म्हणजे? गोल फिरतेय."

"ते दिसून राह्यलं. पण जाऊन कुठी राह्यली?"

जावईबापू जरा ओशाळले. खोक्यात एक सीडी होती ती मला देऊन म्हणाले, "वहिनी, यात रुळांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आहे. कधी वेळ मिळाला तर बघा." मग ते पुण्याला गेले, खोका कपाटावर गेला आणि सीडी माझ्या टेबलाच्या खणात.

महिनाभराने एका दुपारी माझी सकाळची बॅच सुटली होती आणि दुपारची यायची होती. मामाजी क्लासच्या दारात येऊन उभे राहिले. चप्पल बाहेर काढली होती. या खोलीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"त्या सीडीत काय हाये?"

मी घाईने पदर घेतला आणि सीडी शोधायला लागले.

सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा पडद्यावर एक कोरा पाट आला आणि बाजूला तुकड्यांची यादी. सरळ रूळ, आखूड सरळ रूळ, वळणाचे रूळ, डावा काटा, उजवा काटा, खाली सिग्नल, फलाट, टाकी, झाडं. मी माऊसने एक तुकडा उचलून पाटावर सोडला. दुसरा त्याच्याजवळ नेला तर तो टचकन चिकटला. मामाजींनी मान पुढे काढली. मी डावा काटा उचलला.

"अरे! डावा हाये ना हा?"

"हो मामाजी."

"कंपनीले समजते का डावा-उजवा वेगळा असते?" त्यांना याचं फार बरं वाटलं. खुर्ची ओढून ते बसले. मग म्हणाले, "एक स्टेशन काढता येईन का? आमचं?"

कुठलं, ते मी विचारलं. त्यांनी चांदा-गोंदिया लाइनवरच्या एका जंगलातल्या स्टेशनाचं नाव सांगितलं. त्यांची निम्मी नोकरी तिथेच गेली होती. ते नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

त्यानंतर रोज दुपारी दोन बॅचच्या मध्ये आमचं काम चालायचं. भारनियमनाची वेळ बदलली की आमचीही बदलायची. ते सांगायचे, मी तुकडे लावायची. मधून जाणारी मुख्य लाइन, तिच्या बाजूला गाड्या थांबवायची दुसरी लाइन, आणि त्या दुसऱ्या लाइनीतून फुटलेला एक लहान फाटा, जिथे बांबूचे डबे भरायला लावत. माप त्यांना स्लीपरांच्या मोजणीत पाठ होतं. "इथून इथवर चौऱ्याऐंशी स्लीपर," ते डोळे मिटून म्हणायचे आणि बोटांवर काहीतरी करायचे. मी त्याचा हिशेब जर्मनीच्या तुकड्यांत बसवायची. पदर कधी खांद्यावर आला ते मला कळलंही नाही. त्यांना कळलं असेल, पण ते काही बोलले नाहीत.

सासूबाई चहा घेऊन यायच्या आणि दारातूनच म्हणायच्या, "घरच्या बाईसंगं तीस वर्षांत एवढं बोलले नाई जी हे."

पंधरा दिवसांत स्टेशनाचा अर्धा नकाशा तयार झाला. मग सुताराने प्लायवूडचा पाट करून आणला आणि आमच्या लक्षात आलं, पाट आम्ही धरला होता त्यापेक्षा वीतभर आखूड आहे. मी म्हटलं, काही हरकत नाही, सगळं स्टेशन डावीकडे सरकवू. माऊसने चौकट ओढून सगळे तुकडे निवडले, म्हणजे निवडले असं मला वाटलं, आणि ओढले.

अर्धं स्टेशन सरकलं. अर्धं तिथेच राहिलं. मी घाबरून परत ओढलं तर भलतेच तुकडे भलत्यांना चिकटले. बांबूचा फाटा मुख्य लाइनीला आडवा गेला. एक काटा उलटा होऊन कोपऱ्यात जाऊन पडला. मागे फिरायचं बटण दाबावं तर तेवढ्यात लाइन गेली आणि पडदा काळा झाला. नकाशा मी दोन दिवसांपासून सेव्हच केला नव्हता.

मी मामाजींकडे बघायचंच टाळलं. आता हे उठून जातील आणि पुन्हा "पाणी आलं" वर येतील, असं वाटलं.

ते म्हणाले, "गाडी रुळाखाली उतरली का पह्यले काय करतेत, मालूम हाये?"

"नाही मामाजी."

"चहा पितेत. सायेब येतवरी दुसरं काईच करता येत नाई." आणि आत आवाज दिला, "अवो, दोन चहा!"

लाइन आली तेव्हा मी आधी मदतीची पानं वाचली. क्लासच्या मुलांना मी रोज शिकवत होते की चित्रातले चौकोन-गोल एकत्र बांधायचे असतील तर ग्रुप करा. तेच इथेही होतं आणि मला सुचलं नव्हतं. शिफ्ट दाबून एकेक तुकडा निवडायचा, ग्रुप म्हणायचं, त्याला नाव द्यायचं. मग त्यातल्या कुठल्याही एका तुकड्याला धरून ओढा, सगळे सोबत येतात. फिरवलं तर सगळे सोबत फिरतात, आतला एकही सांधा सुटत नाही. मी दोन काटे आणि चार रूळ बांधून दाखवले.

मामाजींनी ते तीनदा बघितलं. मग म्हणाले, "मले द्या तो उंदीर."

माऊस त्यांनी पहिल्यांदा हातात घेतला तो असा. दांडा ओढायची सवय असलेला हात, त्यामुळे बाण पडद्यावरून एकदम या टोकाचा त्या टोकाला जायचा. पण कुठला तुकडा कुणासोबत बांधायचा, यात त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. मी असते तर डावीकडचे डावीकडे आणि उजवीकडचे उजवीकडे बांधले असते. त्यांनी तसं केलं नाही. मुख्य लाइनीवरचा काटा आणि फलाटाच्या पार पलीकडचा सिग्नल त्यांनी एका ग्रुपात घेतला.

"हे तर किती लांब आहेत मामाजी."

"लांब रायनार, पण हा ओढल्याबिगर तो पडत नाई. एकाच दांड्यावरचे हायेत दोघं."

ग्रुपाला नाव त्यांनी दिलं "मोठा दांडा". बांबूच्या फाट्याला "ठेकेदार". फलाट, पाण्याची टाकी आणि कडुनिंब मिळून "मास्तर". मी मराठी टाइप करून दिली ती नावं. दोन दिवस त्यांना ग्रुप करण्याचं वेडच लागलं. एकदा मी आत भाजी टाकायला गेले आणि परत येऊन बघते तर सगळं स्टेशन, झाडांसकट, एकाच ग्रुपात. मी एक रूळ बदलायला गेले तर कडुनिंबासकट सगळं हलायला लागलं.

"मामाजी, आता यातलं काहीच एकटं निघत नाही."

"मंग?"

"सोडवावं लागेल."

"सोडवता येते का?" ते एकदम खूश झाले. "हे बेस हाये. रेल्वेत असं नवतं."

सगळं पुन्हा नीट लागलं आणि मग एका जागी काम अडलं. मुख्य लाइनीतून दुसरी लाइन फुटते तो एक काटा. दुसऱ्या लाइनीतून बांबूचा फाटा फुटतो तो दुसरा काटा. मामाजी म्हणत, हे दोन्ही काटे एकमेकांना लागून होते, मधे काही नव्हतं. फलाटाची लांबीही त्यांनी स्लीपर मोजून सांगितली होती. पण ही दोन्ही खरी धरली तर दुसरी लाइन पुरत नव्हती. दोन बोटांची फट राहायची आणि तिथे एक लाल गोल यायचा. तीन दुपारी आम्ही त्या लाल गोलाशी झटत होतो. तिसऱ्या दिवशी मामाजी चिडले.

"हा कंप्युटर चुकून राह्यला. माह्या हाताखालचे काटे होते ते!"

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मेटाले इचारा ना."

मामाजी उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. दोन दिवस ते क्लासमध्ये आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना सासूबाईंनी मला सगळं सांगितलं. मेट म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या गँगचा प्रमुख. त्या स्टेशनावर दोघांची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून होती. एकाच विहिरीचं पाणी, एकमेकांच्या घरची भाजी, दोघींची बाळंतपणं एकमेकींनी केलेली. आणि मग एका सकाळी बांबूने भरलेला एक डबा त्या दोन काट्यांवरून मागे जाताना रुळावरून खाली उतरला. कुणाला लागलं नाही. बांबू सगळीकडे सांडले आणि पॅसेंजर चार तास अडकली. चौकशी झाली. मामाजी म्हणाले, माझं कुलूप बसलेलं होतं, रूळच खाली दबला. मेट म्हणाला, माझा रूळ ठीक होता, काटाच अर्धा लागला होता. शेवटी दोघांच्याही नोकरीच्या पुस्तकात लाल शेरा पडला. मेटाची बदली झाली. जाताना तो भेटायला आला नाही आणि मामाजीही बाहेर निघाले नाहीत.

"तवापासून बोलणं नाई," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली होती. हे गेले नाई. मले जाऊ देल्ले नाई."

"पत्रिका आहे का अजून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हातातलं सूप खाली ठेवलं आणि आतल्या पेटीतून पत्रिका काढून आणली. खाली पत्ता होता, पोंभुर्णा तालुक्यातल्या एका गावाचा.

त्या संध्याकाळी मी नकाशाचा प्रिंट काढला. लाल गोल आला होता तिथे पेनाने बाण केला आणि पत्र लिहिलं. मी काटेवाल्या भाऊंची सून. हे स्टेशन आम्ही काढतो आहोत. या ठिकाणी दोन काट्यांच्या मध्ये काय होतं, ते आपल्याला आठवत असेल तर कळवावं. खाली "आपली सून" लिहिलं, मग ते फार झालं असं वाटून खोडलं, मग पुन्हा लिहिलं. पाकीट टाकायला मी स्वतः पोस्टात गेले. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा तुला काही म्हणणार नाहीत. मला म्हणतील."

पत्राचं उत्तर आलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी मेटच आला.

सकाळची एसटी येऊन गेली होती आणि मी क्लास झाडत होते. एक उंच, वाकलेला माणूस पाटीसमोर उभा राहून ती वाचत होता. खांद्याला पिशवी, डोक्याला पांढरा दुपट्टा. खिशातून त्याने घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. माझाच प्रिंट होता तो. लाल गोलाच्या जागी पेन्सिलीने एक इवलीशी रेघ ओढलेली होती.

"हे पत्र तूच लिवली का बाई?"

मी हो म्हटलं आणि त्यांच्या पाया पडले. सरळ होते तर मागे मामाजी उभे. अंघोळ करून आलेले, खांद्यावर टॉवेल. 

मेट म्हणाला, "इथी तुकडा होता."

"कुठी?"

"दोन काट्यांच्या मधात. साडेचार फुटाचा. म्या सोता कापून बसवलो होतो."

"नवता."

"होता."

"मी रोज पायाखाली घालो ती जागा. नवता!"

"तू वर पाहून चाले, दांड्याकडे. मी खाली पाहून चालो."

मी पटकन कॉम्प्युटर लावला. तो सुरू व्हायला तेव्हा फार वेळ लागायचा. दोघं म्हातारे एकमेकांकडे न बघता पडद्याकडे बघत उभे राहिले. नकाशा उघडला. यादीतला सगळ्यात आखूड सरळ रूळ मी उचलला आणि दोन काट्यांच्या मध्ये नेऊन सोडला. टचकन बसला. दुसरी लाइन पुरली. लाल गोल गेला.

"पाह्य," मेट म्हणाला.

मामाजी खुर्चीवर बसले. शेजारची खुर्ची पुढे ढकलून म्हणाले, "बस ना. उभा काऊन?"

मेट बसला. सासूबाईंनी पाणी आणलं, त्यांचे डोळे भरून आले होते. पाणी पिऊन मेटाने पेला खाली ठेवला आणि कुणी विचारलं नसताना बोलायला लागला.

"तो तुकडा बराबर नवताच. त्याच्याखाली पाणी मुरे. गिट्टी टाको, आठ दिवसांत खाली जाय. सायेबाले तोंडी सांगतलो होतो, कागदावर नाई लिवलो. चौकशीत म्हणलो, रूळ ठीक होता. नवता ठीक."

मी मामाजींकडे बघितलं. आता ते म्हणतील, मी सांगत नव्हतो का. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं.

"कुलूप म्याबी पाह्यलो नाई त्या दिशी," ते म्हणाले. "दांडा पुरा आला म्हणून समजलो का बसलं असन. वाकून नाई पाह्यलो. पाऊस नवता, काई नवतं. कंटाळा आला होता."

"कुलूप बसलंच असन तुयं. रूळ दबल्यावर काय करन कुलूप?"

"नाई नाई. कुलूप बसलं असतं त डबा खाली उतरलाच नसता. माही चूक होती."

"माही होती. तुकडा माहा होता."

"काटा माहा होता!"

आवाज चढले. इतकी वर्षं चूक तुझी म्हणून तोंड न बघणारे दोघं आता चूक माझी म्हणून भांडत होते. दारात माझी नऊची बॅच येऊन उभी राहिली होती, तीही ऐकत होती. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा, दोघायचीबी होती. जेवाले चला." आणि मग पहिल्यांदा मेट हसला. मामाजी हसले नाहीत. त्यांनी टॉवेल डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

हे दोघांचं बोलणं कुठल्याच कागदावर नाही, म्हणून स्टेशनाचं नाव मी लिहिलेलं नाही. मेट एका दिवसासाठी आला होता, राहिला आठ दिवस. मला क्लासमध्ये अजून दोन खुर्च्या असत्या तर बरं झालं असतं, कारण दोघंही पडद्याला नाक लावून बसायचे. मेटाला ग्रुप करणं मी शिकवलं आणि लगेच नवा वाद निघाला. तो आखूड तुकडा कुणाच्या ग्रुपात? मामाजींनी तो "मोठा दांडा" मध्ये टाकला होता. मेटाने त्याच्या गँगच्या हद्दीचा एक वेगळा ग्रुप केला, "खालची लाइन", आणि तुकडा त्यात मागितला. एक तुकडा दोन्हीकडे घालता येत नाही, असं मी सांगून पाहिलं.

"काऊन नाई येत?"

"सॉफ्टवेअर घेत नाही."

"जर्मनीवाल्याले फोन लाव."

शेवटी तुकडा मेटाच्या ग्रुपात गेला. मग मी ते दोन्ही ग्रुप मिळून एक मोठा ग्रुप केला आणि त्याला काही नाव न देता सोडून दिलं. दोघांचंही समाधान झालं. म्हणजे तसं ते म्हणाले तरी.

पाट बांधायलाही मेटच हवा होता. खोक्यातले रूळ मुख्य लाइनीला आणि दुसऱ्या लाइनीला पुरले, काटेही निघाले. बांबूच्या फाट्याला रूळ उरले नाहीत, म्हणून तो फाटा त्यांनी खरोखर बांबूच्याच कामट्यांचा केला. सुताराकडून सागाचे तुकडे आणून इवले स्लीपर कापले. वडशाला नाटकांचे पडदे रंगवणारा एक पेंटर होता. त्याने मागची भिंत रंगवून दिली, पण त्याला राजवाडे रंगवायची सवय. त्यामुळे आमच्या जंगलातल्या स्टेशनामागे सागाची झाडं आणि त्यांच्या मधून एक घुमट डोकावत होता. मामाजींनी तो राहू दिला.

गाडी चालली त्या दिवशी अंगणाकडच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मेट काट्याजवळ उभा, मामाजी बटणाजवळ. गाडी फलाटाला लागली, थांबली, मागे गेली, दुसऱ्या लाइनीत शिरली. एकदाही खाली उतरली नाही. ती कुठे चालली आहे असं आता कुणी विचारलं नाही.

मग जानेवारीत आम्ही चौघं ते स्टेशन बघायला गेलो. मी, सासूबाई आणि ते दोघं. मी येऊन काय करणार, असं मी म्हटलं तर मामाजी म्हणाले, "तुमी काढले ना स्टेशन? मंग पाहाले नको?" वडशाहून पॅसेंजर पकडली. सासूबाईंनी डब्यात झुणका-भाकर घेतली होती, ती दुसरं स्टेशन यायच्या आत संपली.

उतरलो तर तिथे त्यांचं काहीच नव्हतं. मोठ्या लाइनीचे रूळ, नवा सिमेंटचा फलाट, विजेचे खांब. क्वार्टर्स पाडली होती. विहीर होती, तिच्यावर जाळी बसवलेली. दोघं फलाटाच्या टोकापर्यंत गेले आणि उगाच रुळांमधल्या गिट्टीकडे बघत राहिले. स्टेशनातला एक तरुण कर्मचारी बाहेर आला, काही हरवलं का विचारायला लागला.

मेटाने मान हलवली. मग मीच सांगायला लागले. इथे मुख्य लाइन होती, त्या खांबाच्या अलीकडे पहिला काटा, मग साडेचार फुटाचा तुकडा, मग दुसरा काटा, आणि तिथून बांबूचा फाटा त्या बोरीच्या झाडाकडे जायचा. सिग्नल तिकडे, पण तो इथल्या दांड्यावर पडायचा. मी हात करून दाखवत होते आणि तो कर्मचारी माझ्या बोटाच्या दिशेने बघत होता.

"मॅडम, तुम्ही इथे राहायचात का?"

"नाही," मी म्हटलं. "आज पहिल्यांदाच आले."

मामाजी माझ्याकडे बघत होते. ते काहीतरी बोलणार असं वाटलं. पण तेवढ्यात परतीच्या गाडीची घंटा झाली आणि ते सासूबाईंची पिशवी उचलून म्हणाले, "चला, चला. जागा धरा लागते. उभ्यानं जा लागन नाई त."